गोल्फच्या मैदानावरील हळहळ

ज्या पृष्ठांवर देवस्थानांच्या उत्सवांची वृत्ते, कीर्तनकारांच्या आठवणी आणि मराठी-कोंकणीच्या साहित्यचर्चा वाचावयाची वाचकांस सवय आहे, तेथे गोल्फ या खेळाविषयीचा मजकूर पाहून काही जण चकित होतील, हे आम्ही जाणून आहो. हा खेळ स्कॉटलंडचा. आपल्याकडे तो इंग्रजांबरोबर आला, आणि १८२९ साली कलकत्त्यास जो क्लब निघाला तो ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब समजला जातो. मराठी माणसाचा त्याच्याशी संबंध बेताचाच. तथापि तो अगदीच नाही असेही नव्हे. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील मैदान मूळ गायकवाडांच्या युरोपीय पाहुण्यांसाठी आखले गेले होते. १९९० च्या दशकात त्याची डागडुजी होऊन ते इतरांसही खुले झाले. सैन्यातून, रेल्वेतून वा मोठ्या कारखान्यांतून निवृत्त होऊन बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी स्थिरावलेल्या आपल्या मंडळींत हा नाद जडलेले काही जण आढळतात. आमच्या स्नेह्यांत असे चार-पाच आहेत. आम्ही स्वतः खेळत नाही. सकाळची रपेट होते, मोर दृष्टीस पडतात, आणि पायांस सवय राहते, म्हणून गेली कित्येक वर्षे आम्ही त्यांच्या सोबतीने चालतो, एवढेच. परंतु या चालण्यात जितकी हळहळ आमच्या कानी आली, तितकी दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी आलेली नाही. आणि तीच आजच्या लेखाचा विषय आहे.

हळहळ सर्वच हौशी माणसांच्या वाट्यास येते. पण इतरांस ती कोठे तरी टेकवून ठेवावयास जागा असते. नाटक पडले तर नाटककारास नट सापडतो आणि नटास प्रॉम्प्टर सापडतो. भजन रंगले नाही तर पेटीवाल्याने सूर चढा धरला असे म्हणता येते. क्रिकेटमध्ये पंच आहे, खेळपट्टी आहे, अकरा जणांतले उरलेले दहा आहेत. गोल्फमध्ये चेंडू गवतावर निमूट पडलेला असतो. तो कोणी फेकलेला नसतो, त्याला कोणी अडविणार नसते, आणि मारणाराने हवा तेव्हा मारावा अशी त्याची तयारी असते. दूरवर, कधी चारशे यार्डांवर, एक भोक असते. १८९१ साली त्याचा व्यास सव्वाचार इंच ठरला तो आजतागायत तेवढाच आहे. म्हणजे आपल्या घरच्या तांब्याच्या तोंडापेक्षा ते थोडेसेच मोठे. अशी अठरा भोके कमीत कमी फटक्यांत गाठावयाची. चेंडू झाडीत गेला तर तो आपणच घातलेला असतो. त्यामुळे गोल्फ खेळणाराची हळहळ मैदानावर सोडून देता येत नाही. ती त्याच्याबरोबर घरी येते, जेवावयास बसते, आणि रात्री दिवा मालविल्यावरही जागी असते.

या हळहळीचा पहिला थर अगदी व्यावहारिक आहे आणि तो आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की पाठ झाला आहे. प्रत्येक जण साठी उलटल्यावर हेच म्हणतो की आरंभीच कोणा शिक्षकाकडून मूठ कशी धरावी एवढे शिकून घेतले असते तर पुढची तीस वर्षे निराळी गेली असती. ज्यांनी देवळातील भजनात चुकीच्या बोटांनी पेटी वाजविणारे वृद्ध गृहस्थ पाहिले आहेत त्यांस हे समजावून सांगावे लागणार नाही. वीस वर्षे एकाच चुकीने वाजविले म्हणजे ती चूक हातास गोड लागू लागते, आणि कोणी बरोबर बोट ठेवून दाखविले तर तेच परके वाटते. गोल्फची मूठही तशीच. योग्य मूठ धरल्यावर पहिले काही महिने खेळ अधिक बिघडतो. पन्नाशीच्या माणसास ते महिने देववत नाहीत; तो परत आपल्या जुन्या मुठीकडे वळतो, आणि शिक्षकावर जे पैसे खर्चावयाचे ते नव्या क्लबांवर खर्च करतो. क्लब म्हणजे येथे चेंडू मारावयाचे दांडे. नियमाप्रमाणे ते चौदापेक्षा अधिक बाळगता येत नाहीत. आमच्या एका स्नेह्यांच्या माळ्यावर आम्ही एकदा सहज मोजले तेव्हा एकेचाळीस निघाले.

दुसरे असे की, ज्या मैदानाचे प्रमाण बहात्तर फटक्यांचे असते, त्यातील छत्तीस फटके, म्हणजे दर भोकास दोन, हे हिरवळीच्या अगदी शेवटच्या गुळगुळीत तुकड्यावर चेंडू हलकेच ढकलण्यासाठी धरलेले असतात. यास पटिंग म्हणतात. अर्धा खेळ हाच. पण सरावास गेलेला हौशी माणूस पटिंग कधी करीत नाही. तो सर्वांत लांब दांडा काढतो आणि तासभर चेंडू क्षितिजाकडे झोडपतो, कारण त्यात आवाज होतो, आणि बाकावर बसलेले लोक वाहवा करतात. चार फुटांवरून चेंडू भोकात घालणाराची वाहवा करण्यास कोणी थांबत नाही. वयोमानाने खांदे आखडले, लांबचा फटका निम्म्यावर आला, म्हणजे मग या गृहस्थास कळते की जे म्हातारपणीही शाबूत राहिले असते ते त्याने तरुणपणी कधी जोडलेच नाही.

येथवरची हळहळ आम्ही हसत हसत ऐकतो व सांगणारेही हसतच सांगतात. यापुढची तशी नाही.

हौशी गोल्फपटू आपल्या फटक्यांचा हिशेब स्वतःच ठेवतो, किंवा आपल्यासारख्याच दुसऱ्याकडून लिहवून घेऊन खाली सही करतो. पंच बरोबर नसतो. साहजिकच काही सवलती रूढ झाल्या आहेत. पहिलाच फटका वाकडा गेला तर तो धरावयाचा नाही आणि दुसरा मारावयाचा, यास मुलिगन म्हणतात. भोकाजवळ चेंडू राहिला की सोबतीने म्हणावयाचे, ‘उचला, झालाच तो’, ही गिमी. दोघांच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा पट असा सोडून देण्यास नियमाची परवानगी आहे, पण जेथे एकूण फटके मोजावयाचे तेथे ती मुळीच नाही. आपल्याकडे एकादशीच्या उपासाचे साबुदाण्याने जे झाले, तेच या खेळाचे गिमीने झाले, असे आम्ही एकदा म्हटले तेव्हा मंडळी रागावली नाहीत, हे त्यांच्या प्रांजळपणास शोभणारेच होते. हँडिकॅपचीही एक गोष्ट आहे. दुबळ्या खेळाडूस फटक्यांची जी सूट मिळते तिला हे नाव आहे, आणि २०२० पासून जगभर एकच पद्धत लागू झाली असून शेवटच्या वीस फेऱ्यांतील उत्तम आठांवरून ही सूट ठरते. कोणी कार्डावर दोन फटके कमी लिहितो, कारण आपण चांगले खेळतो असे चारचौघांत दिसावे. कोणी चांगली फेरी नोंदवितच नाही, कारण सूट मोठी राहिली तर वार्षिक चषक मिळेल. चषक मिळतो. तो दिवाणखान्यातील कपाटात बसतो. आणि पुढे पंधरा वर्षांनी, नातवंडे त्याविषयी विचारू लागली म्हणजे, एक गृहस्थ त्यास पाठ करून बसतात. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

या संदर्भात अमेरिकेतील अटलांटा शहरच्या बॉबी जोन्सची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. जोन्सने हा खेळ पैशासाठी कधी खेळला नाही. वकिली हा त्याचा व्यवसाय. १९३० साली त्या काळच्या चारही प्रमुख स्पर्धा त्याने एकाच वर्षात जिंकल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धांतून अंग काढून घेतले. अशा माणसास कसला पश्चात्ताप असणार, असे वाटते. पण १९२७ साली, म्हणजे कीर्ती चढती असतानाच, ‘डाउन द फेअरवे’ हे जे आत्मकथनपर पुस्तक त्याने कीलर या वृत्तपत्रकाराच्या साहाय्याने प्रसिद्ध केले, त्यात आपल्या खेळातील मुख्य पश्चात्ताप कोणता हे त्याने स्पष्ट सांगून टाकले आहे; आणि तो एखाद्या हरलेल्या सामन्याचा नाही.

१९२१ साली एकोणीस वर्षांचा जोन्स स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर ब्रिटिश ओपन स्पर्धा खेळत होता. मुलगा बुद्धिमान, पण विलक्षण तापट. क्लब फेकून देणे ही त्याची नित्याची गोष्ट होती. त्याच वर्षी अमेरिकेत त्याने फेकलेला क्लब एका प्रेक्षक बाईच्या पायास लागला आणि तेथील संघटनेने त्यास ताकीद दिली. सेंट अँड्र्यूजला तिसऱ्या फेरीच्या पहिल्या नऊ भोकांस त्यास शेहेचाळीस फटके लागले. दहाव्यास सहा. अकराव्या भोकाशी त्याचा धीर सुटला, चेंडू उचलून तो स्पर्धेतून बाहेर पडला. हरला असता तर कोणी काही म्हटले नसते. परंतु जेथे हा खेळ वाढला त्या गावच्या मैदानावर खेळ अर्ध्यावर टाकून जाणे, ही गोष्ट त्याच्या मनातून पुढे कधीच गेली नाही.

आमच्या मते या हकीकतीचे मर्म हे की हा पश्चात्ताप त्याने नुसता बाळगला नाही. १९२५ साली वूस्टर येथे अमेरिकन ओपनच्या पहिल्या फेरीत उंच गवतात तो फटक्याच्या तयारीत उभा असता चेंडू किंचित हलला. तेथे हजर असलेल्यांपैकी कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते. जोन्सने स्वतः होऊन एक फटक्याचा दंड मागून घेतला. अधिकाऱ्यांनी चौकशी केली, कोणी पाहिलेले नाही असे सांगितले, निर्णय त्याच्यावरच सोपविला; तो बधला नाही. चार फेऱ्यांअखेर तो आणि विली मॅकफार्लेन यांचे फटके सारखे झाले आणि पुढील निर्णायक झुंजीत जोन्स अवघ्या एका फटक्याने हरला. तो दंड घेतला नसता तर झुंजीची वेळच येती ना. लोकांनी स्तुती आरंभली तेव्हा त्यास ती रुचली नाही. चोरी केली नाही म्हणून का कोणाचे कौतुक करतात, अशा आशयाचे त्याचे उत्तर प्रसिद्ध आहे. या हरण्याविषयी त्याने हळहळ केल्याचे दिसत नाही. हातातोंडाशी आलेले राष्ट्रीय विजेतेपद गेले त्याची खंत नाही, आणि तसेही हरणारच होता त्या फेरीतून उठून गेल्याची जन्मभर आहे, हे प्रमाण आमच्या स्नेह्यांस आम्ही अनेकदा ऐकविले आहे.

१९२७ मध्ये त्याच सेंट अँड्र्यूजवर त्याने ब्रिटिश ओपन जिंकली आणि चषक तेथेच राहू दिला. पुढे त्यास मज्जारज्जूचा असाध्य विकार जडला. १९४८ नंतर तो खेळू शकला नाही. १९५८ साली त्या गावाने त्यास सन्मान्य नागरिकत्व दिले. यापूर्वी हा मान मिळालेला अमेरिकन म्हणजे १७५९ मधील बेंजामिन फ्रँकलिन. पायांस आधार बांधून, मोठ्या कष्टाने चालत तो सभेपुढे आला आणि आपल्या आयुष्यातून सेंट अँड्र्यूजचे अनुभव तेवढे ठेवून बाकी सर्व काढून घेतले तरी ते आयुष्य भरलेलेच राहील, अशा अर्थाचे बोलला. जेथून तो एकोणिसाव्या वर्षी उठून गेला होता ते हेच गाव.

सगळ्याच चुकांची खंत करावी लागते असे मात्र नाही. १९५४ साली ऑगस्टाच्या मास्टर्स स्पर्धेत बिली जो पॅटन नावाचा लाकडाचा व्यापार करणारा हौशी खेळाडू शेवटच्या दिवशी बड्याबड्या धंदेवाईकांच्या पुढे जाऊ पाहत होता. सहाव्या भोकात त्याने एकाच फटक्यात चेंडू घातला होता. तेराव्याशी हिरवळीच्या अलीकडे ओढा आहे. शहाण्याने अलीकडे थांबावे. पॅटनने थेट पलीकडचा नेम धरला, चेंडू पाण्यात गेला, त्या भोकास सात फटके लागले. पंधराव्यासही पुन्हा पाणी, सहा फटके. स्नीड आणि होगन यांच्या मागे तो एका फटक्याने राहिला. दोनच वर्षांनी केन व्हेंचुरी हा दुसरा हौशी तरुण त्याच स्पर्धेत पहिले तीन दिवस आघाडीवर राहून चौथ्या दिवशी ऐंशी फटके खेळला आणि तोही एका फटक्याने गेला. मास्टर्स आजवर एकाही हौशी खेळाडूस जिंकता आलेली नाही. आमचे एक सैन्यातले स्नेही या दोघांत भेद करतात. त्यांचे म्हणणे, व्हेंचुरीचे जे झाले ते झाले, त्यास इलाज नव्हता. पण पॅटनने तो फटका मारला नसता तर तो जन्मभर ओढ्याच्या अलीकडेच उभा राहिला असता. हे स्नेही स्वतः मात्र प्रत्येक ओढ्याच्या अलीकडे थांबतात. असो.

खेळाबाहेरची हळहळ सांगावयाची तर घरांत शिरावे लागते. अठरा भोकांच्या फेरीस चार-साडेचार तास लागतात. जाणे-येणे व नंतरचा चहा धरून पाच. हैदराबादच्या आमच्या एका स्नेह्यांच्या पत्नींनी एकदा वाण्याच्या वहीच्या मागल्या पानावर गणित मांडले होते. वर्षाचे पन्नास रविवार, प्रत्येकी पाच तास, अशी पंचवीस वर्षे. एकूण सव्वासहा हजार तास. वही पुढे करून बाई म्हणाल्या, ‘अहो, मी तक्रार करीत नाही, हिशेब सांगते.’ त्यात कोठेही कडवटपणा नव्हता, आणि म्हणूनच तो त्यांस लागला. ते म्हणतात की खेळल्याचे त्यांस वाईट वाटत नाही; पहाटेच्या दवात चौथ्या भोकाजवळच्या तळ्यावर जे बगळे उतरतात ते या सव्वासहा हजार तासांत एकदाही तिला नेऊन दाखविले नाहीत याचे वाटते. आता बाईंच्या गुडघ्यांस तेवढे चालणे सोसत नाही. बॅटरीवर चालणारी गाडी मैदानावर मिळते, तीतून चला असे ते म्हणतात. बाई म्हणतात, पाहू.

परंतु आम्हांस सर्वांत अधिक बोलावयाचे आहे ते ज्याच्या खांद्यावर या साऱ्या खेळाचे ओझे असते त्याच्याविषयी. चौदा दांड्यांची पिशवी सहज दहा-बारा किलो भरते. ती घेऊन खेळाडूबरोबर सात-आठ किलोमीटर चालावयाचे, चेंडू कोठे पडला हे त्याच्या आधी हेरावयाचे, हिरवळीचा उतार कोणत्या अंगास आहे हे सांगावयाचे, आणि न ऐकल्यामुळे फटका चुकला तरी बोल आपण घ्यावयाचा. हे कॅडीचे काम. चेंडू हरविला तर तो शोधावयास पूर्वी पाच मिनिटे मिळत, २०१९ पासून नियमाने तीनच मिळतात. त्या तीन मिनिटांत काट्यांत प्रथम हात घालतो तो कॅडी.

गोल्फच्या इतिहासात हौशी खेळाडूंची जी मोठी नावे आहेत त्यांतील काही याच कामातून वर आलेली आहेत. १९१३ साली अमेरिकन ओपनमध्ये व्हार्डन व रे या दोन इंग्रज दिग्गजांस हरविणारा वीस वर्षांचा फ्रान्सिस विमेट हा ब्रुकलाइनच्या त्याच मैदानासमोर राहणारा, पूर्वी तेथेच पिशव्या वाहणारा गरिबाचा मुलगा होता. आणि त्या दिवशी त्याची पिशवी उचलली होती ती एडी लाउरी या दहा वर्षांच्या पोराने. विजयानंतर त्या पोरासाठी टोपी फिरवून पैसे गोळा करण्यात आले. शिकागोच्या चिक एव्हान्सची गोष्ट आम्हांस याहूनही मोलाची वाटते. हाही लहानपणी कॅडी. १९१६ मध्ये अवघ्या सात क्लबांनिशी त्याने अमेरिकन ओपन जिंकली, त्याच वर्षी हौशींचे राष्ट्रीय विजेतेपदही घेतले, आणि एका वर्षात दोन्ही मिळविणारा तो पहिला ठरला. खेळाविषयीच्या शिकवणीच्या ध्वनिमुद्रिकांवर पैसे मिळाले. ते घेतले तर हौशीपण जाणार होते. पैशाअभावी त्याचे स्वतःचे विद्यापीठातील शिक्षण अर्धवट राहिलेले होते. आईच्या सल्ल्याने त्याने ती रक्कम कॅडी मुलांच्या शिक्षणासाठी बाजूस ठेवली, आणि १९३० साली त्यातून पहिल्या दोन मुलांस, ज्या विद्यापीठातून तो बाहेर पडला होता त्या नॉर्थवेस्टर्नमध्येच, शिष्यवृत्ती मिळाली. ती योजना आज शंभरीकडे चालली असून हजारो मुलेमुली तिच्यावर पदवीधर झाली आहेत.

आपल्याकडेही इंडियन ओपन ही स्पर्धा १९६५ साली बिल्लू सेठी या हौशी खेळाडूने जिंकली. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय, आणि ती जिंकणारे आजवरचे एकमेव हौशी. त्यानंतर भारतीयाचे नाव त्या चषकावर कोरले जाण्यास १९९१ साल उजाडावे लागले. ते नाव अली शेर. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून ज्याने आरंभ केला तो हा माणूस.

आता आमच्या ज्या स्नेह्यांनी हा लेख लिहावयास आम्हांस प्रवृत्त केले त्यांच्याकडे वळतो. यांचे वय शहात्तर. गोव्याकडील एका देवस्थानचे हे महाजन. नोकरीनिमित्ताने बाहेर राहिले, पण उत्सवास कधी चुकले नाहीत. देवळातील पुजाऱ्यांची घराणी, पालखीचे भोई, दिवट्या धरणारे, चौघडा वाजविणारे यांची नावे त्यांस मुखोद्गत आहेत. नव्हे, कोणाचा मुलगा मुंबईस कोठे असतो हेही ते सांगतील. सभामंडपात संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे आहेत, त्यांत यांच्या वडिलांचे नाव आहे आणि एकदा त्यातील एक अक्षर झिजले तेव्हा यांनी स्वखर्चाने ते पुन्हा कोरविले. स्मरणशक्तीही दांडगी. १९९३ च्या डिसेंबरात एका रविवारी आपण अठराच्या अठरा भोकांस कोणता फटका कोणत्या क्लबाने मारला हे ते क्रमाने म्हणून दाखवितात, आणि बाराव्या भोकाशी वारा कोणीकडून होता तेही सांगतात.

मागील पावसाळ्याच्या आरंभी असेच ते सांगत असता बाराव्याशी येऊन थांबले. तेथे कॅडीने सांगितले होते की उतार दिसतो त्याच्या उलट आहे, आणि ते ऐकल्यामुळेच पट गेला. आम्ही सहज विचारले, ‘कॅडी कोण होता?’

‘सत्तेचाळीस,’ ते म्हणाले.

मैदानावर कॅडींस नंबराचे बिल्ले असत आणि त्याच नंबराने त्यांस हाका मारीत. १९८९ पासून २००० पर्यंत, अकरा वर्षे, हा सत्तेचाळीस नंबर यांची पिशवी उचलीत होता. दिवाळीस त्यास मिठाईचा पुडा जाई. एकदा त्याच्या बायकोच्या आजारपणात यांनी पैसेही दिले होते. पण नाव? स्नेही बराच वेळ उभे राहिले. ‘लोक त्याला बहुधा राजू म्हणत,’ असे म्हणाले, आणि लगेच, ‘नाही, राजू बावन्न नंबर,’ अशी दुरुस्ती केली. त्या दिवशी फेरी सातव्या भोकाशीच संपली. आम्हांस वाटले पाऊस आला म्हणून.

त्यानंतर त्यांनी शोध आरंभला. क्लबाच्या कचेरीतील जुन्या नोंदवह्यांत नंबर होते, नावे नव्हती. आणि त्या नोंदी ठेवणारे कारकून कधीच सोडून गेलेले. जुन्या सोबत्यांस फोन झाले. प्रत्येकास आपापल्या कॅडीचा नंबर आठवत होता. एकाने, सत्तेचाळीस म्हणजे तोच ना, ज्याला उतार हाताने चाचपल्याशिवाय नुसत्या नजरेने कळे, असे म्हटले. हे सर्वांस आठवत होते. शेवटी फाटकाबाहेरच्या चहावाल्याने सांगितले की त्याचा पुतण्या बाजारात हातगाडी लावतो. पुतण्या भेटला. त्याच्याकडून नाव कळले, बापाचे नाव कळले, आडनाव कळले. काका फार पूर्वीच गावी परतला, पाठीने अधू झाला आहे, पण आहे, असेही कळले. गाव शंभर किलोमीटरांच्या आत आहे. स्नेह्यांनी ते पूर्ण नाव एका कोऱ्या स्कोअरकार्डाच्या पाठीवर लिहून घेतले. जावयाचे कोणत्या तोंडाने, हा त्यांचा प्रश्न आहे. रिकाम्या हाताने कसे जावे आणि भरल्या हाताने तरी कसे जावे, असे ते म्हणतात. आम्ही म्हटले, चतुर्थी झाल्यावर आपण दोघे जाऊ, गाडीची व्यवस्था आम्ही करतो. त्यास त्यांनी होकार दिला आहे. कार्ड सदऱ्याच्या खिशात असते. धुण्यास टाकण्यापूर्वी सूनबाई ते आठवणीने काढून देवघरातील फडताळावर ठेवतात.

परवा मैदानावर गेलो तेव्हा पिशवी घ्यावयास एक नवा मुलगा आला, सोळा-सतरा वर्षांचा असेल. स्नेह्यांनी पिशवी त्याच्या हाती देण्यापूर्वी त्यास नाव विचारले. मुलगा गोंधळला, आणि त्याने आधी बिल्ल्यावरचा नंबर सांगितला.